‘सगळं केलं’ म्हणजे काय केलं?

खोपटला एसटी डेपोजवळ आत्या राहायची. सात वर्षं डिमेन्शिया. शेवटी तर गिळणंही विसरली. न्यूमोनिया झाला तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून तिला आयसीयूत टाकलं. नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधलेले. अकराव्या दिवशी गेली. आणि तेराव्याला आपणच म्हणत होतो, "सगळं केलं हो!"

काय केलं?

बॉस्टनच्या २२ शुश्रूषागृहांतल्या ३२३ रुग्णांवरचा डॉ. सुझन मिचेल यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. डिमेन्शियाच्या अखेरच्या टप्प्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण दीड वर्षात गेले. न्यूमोनिया, ताप, खाणं सुटणं ही त्या आजाराचीच वाट. ज्या घरच्यांना हे ठाऊक होतं, त्यांच्या माणसांच्या वाट्याला शेवटी असे त्रासदायक उपचार फार कमी आले. म्हणजे प्रेम आपलंही कमी नव्हतं. आपण विचारलंच नाही!

वहिनीने संस्थेत ठेवायचा विषय काढला तेव्हा "लोक काय म्हणतील" म्हणणाऱ्यांपैकी एकही जण रात्री जागायला आला नाही. त्यात मीही होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल मान्य केलं. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो.

आई हल्ली नावं चुकते. तिला नीट सांगता येतंय तोवर मी तिलाच विचारणार आहे. काका, रागवा हवं तर. पण मग रात्री जागायलाही या.

असो.