संपादकीय : त्या दोघी मरत नाहीत



मिरचीचा हंगाम सुरू झाला की दोंडाईचात वारासुद्धा ठसका देतो. गोदीतून आठ दिवसांची सुट्टी काढून घरी आलोय. आई दिवसभर देठ खुडते आणि रात्री भाकर थापताना तिच्या हाताची आग आग होते. मी शेजारी बल्बखाली कादंबरी घेऊन बसलेला. सारा वॉटर्स नावाच्या बाईची, १९९८ सालची 'टिपिंग द वेलव्हेट'. फाउंटनच्या फूटपाथवर घेतली. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, म्हणून मांडीवर डिक्शनरी. तीन महिने लागले. लागू देत.

नॅन्सी ही इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या गावातली पोर. काळ शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. बापाचं कालवांचं दुकान, ही दिवसभर कालवं साफ करते. पुरुषाचा सूट घालून स्टेजवर गाणारी किटी तिला आवडते. समोरासमोर भेट होते तेव्हा पोरीला लाज कशाची वाटते? हाताला येणाऱ्या कालवांच्या वासाची! तिथं मी पुस्तक मिटलं. आईच्या हातांकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. आमच्या मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या कुठल्या नायिकेच्या हाताला कामाचा वास येतो? तिथं केवडा, अत्तर, फार झालं तर तलवारीचं तेल.

आईनं विचारलं, "काय वाची ऱ्हायना रे भाऊ?"

"दोन बायास्नी गोष्ट शे. त्यास्नं एकमेकीवर मन बसस."

"मंग शेवटले मरतस का त्या?"

"नही व माय, जगतस."

"मंग बरं शे," म्हणाली, आणि भाकर उलटली.

चळवळीतले काही मित्र मात्र एवढ्यावर सोडत नाहीत. म्हणतात, मोर्चे पडलेत, केसेस पडल्यात, आणि तू साल्या बायाबायांच्या, बाप्याबाप्यांच्या जुन्या प्रेमकथा वाचतोस? हो, वाचतो. मजा येते म्हणून वाचतो. गोदीत पाळीचा भोंगा आपल्याला हाकतो, जेवणसुद्धा घड्याळ बघून. या कादंबऱ्यांत मात्र हातमोजा काढायला दोन पानं लागतात. एक नजर, एक चिठ्ठी, दाराची कडी वाजली की छातीत धस्स. एवढा वेळ आपल्या जातीच्या, आपल्या वर्गाच्या माणसाला प्रेमासाठी कोणी दिलाय? मला तो पुस्तकात मिळतो.

आणि मी पुरुषावर प्रेम केलेला पुरुष आहे. एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढची कुजबूज तरी वाचेल.

पण जुन्या काळाचीच गोष्ट का? कारण आपल्याला सांगतात की हे आत्ताचं फॅड आहे, परदेशातून आलंय. हे बोलणं ओळखीचं वाटत नाही? आपल्यालाही असंच सांगत आले की तुम्हाला इतिहास नाही. हरिभाऊ, नाथमाधव यांनी गड, वाडे, स्वाऱ्या रंगवल्या. त्या इतिहासात आपला माणूस वेशीवर काठी घेऊन उभा. अण्णाभाऊंनी १९५९ ला 'फकिरा' लिहिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, तेव्हा तो काठीवाला नायक झाला. ज्याला भूतकाळ नाही त्याला आज हुसकून लावणं सोपं असतं. धुळ्याच्या राजवाडे मंडळात दप्तरं आहेत. ज्यांच्या नावानं ते मंडळ, त्या राजवाड्यांनीच विवाहसंस्थेचा इतिहास लिहिला आणि स्त्री-पुरुषांच्या रीती काळाप्रमाणे बदलत आल्या हे ब्राह्मणांनाच तोंडावर सांगितलं. पण दोन मजुरांचं मन जुळलं याची नोंद कुठलं दप्तर ठेवील? ती जागा कादंबरीनंच भरायची.

मराठीत तेंडुलकरांनी १९८१ ला 'मित्राची गोष्ट' लिहिलं. स्वातंत्र्याआधीचं कॉलेज, मुलीवर प्रेम करणारी मुलगी. धाडस मोठं, नाटक जबरदस्त. पण मित्रा मरते. मरणं खोटं नाही, मरतातच पोरंपोरी. तरी पडदा पडल्यावर मध्यमवर्ग हळहळून घरी जातो आणि आपल्याला घरी जायची भीती वाटते.

इंग्रज लेखक फॉर्स्टर १९२१ ला देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा सेक्रेटरी होता. त्याच्या आधीच, १९१३-१४ मध्ये, त्यानं 'मॉरिस' लिहून ठेवली होती. छापली गेली १९७१ ला, तो मेल्यावर. शेवट सुखाचाच पाहिजे हा त्याचा हट्ट. मॉरिसचा खानदानी मित्र लग्न करून मोकळा होतो. त्याला साथ देतो रानाची राखण करणारा नोकर, अ‍ॅलेक. परदेशी जायचं तिकीट असून तो बोटीवर चढतच नाही. मॉरिस बंदरावर वाट बघतो, बोट निघून जाते, अ‍ॅलेक मागं राहिलेला! मी रोज बोटी भरतो, दोस्तहो. सुटलेल्या बोटीचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

बाबासाहेबांचं नाव घेऊन कोणी मला गप्प करू नये. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं हा गुन्हा. १९३४ ला हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बाबासाहेब. समलिंगी संबंधांची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. १८६० च्या पीनल कोडातलं ते ३७७ कलम सुप्रीम कोर्टानं सज्ञानांच्या राजीखुशीच्या संबंधांवरून उठवलं ६ सप्टेंबर २०१८ ला. आणि आपण? आपल्या मोर्च्यात अजून साहेबाला बांगड्यांचा आहेर देतात, भित्र्याला छक्का म्हणतात. बांगड्या घालणारी माझी आई मिरचीच्या आगीत हात घालते. या अंकापासून ते शब्द शिवी म्हणून इथं छापले जाणार नाहीत. कविता कितीही पेटलेली असो, परत पाठवीन.

आता कामाचं. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. बाबासाहेबांना ५३ वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोटीला आग लागली. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी. दुपारी चार वाजून गेल्यावर दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. गोदीतले किती मजूर गेले, यावर आकडे आजही जुळत नाहीत.

त्या न जुळणाऱ्या आकड्यातले दोघं मी घेतलेत. एक खानदेशातला, एक कोकणातला, एकाच गँगमध्ये. सकाळी जयंतीसाठी धुतलेला सदरा एकाचा, घातलाय दुसऱ्यानं. दोघंही स्फोटातून वाचतात, हे मी आधीच ठरवलंय. पहिला भाग पुढच्या अंकात देतो. तुमच्याकडे असं काही लिहिलेलं असेल तर पाठवा. अक्षर वाईट असलं तरी चालेल. नाव नको असेल तर नाव घालणार नाही.