दोन्ही सेनापती आपणच
एकट्याने बुद्धिबळ मांडणाऱ्याची अडचण जुनीच: पांढऱ्याच्या मनातला डाव काळ्याला आधीच ठाऊक असतो. टेबलावर चिमुकले शिपाई मांडून लढणाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो फाशांनी आणि पत्त्यांनी. इंग्लंडमधल्या डोनाल्ड फेदरस्टोन यांनी तर १९७३ साली एकट्याने लढायच्या अशा लढायांवर अख्खं पुस्तकच लिहिलं. प्रत्येक पलटणीचा एकेक पत्ता करायचा, गड्डी पिसायची, वर येईल ती पलटण हलणार. शत्रूच्या सेनापतीपुढे चार पर्याय लिहून ठेवायचे (चाल करून ये, थांब, वळसा घाल, माघार घे) आणि निवड फाशावर सोडायची. हुकूम वेळेत पोचला नाही, घोडदळ बिथरलं, हेही फासाच ठरवणार. खऱ्या रणांगणावर सेनापतीच्या हातात याहून फार काही असतं, असं मला वाटत नाही; प्रशियाचे अधिकारी १८२४ पासून नकाशावर युद्धाचा सराव करत, तोही फासे टाकूनच. शिपाई विकतचेच हवेत असं नाही. पुठ्ठ्यावर रंगवून कापलेले, कपड्यांच्या लाकडी चिमट्यांचे, दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखे मातीचेही चालतात. पण गोम इथेच आहे. ज्या शिपायाच्या मिशा आपण भिंग लावून रंगवल्या, त्याला मरू देणं जिवावर येतं आणि ‘फासा कलंडला’ म्हणत तो पुन्हा टाकला जातो. म्हणून कोणती पलटण किती मार खाऊन पळणार, हे लढाईआधीच कागदावर लिहून ठेवावं. पेन्सिलीने नव्हे, शाईने.