घरातली गादी कोणाच्या पाठीखाली?



ज्या घरात कुणाचीच कंबर किंवा गुडघा दुखत नाही, असं घर आपल्या वस्तीत शोधावंच लागेल. पाथर्डी-जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्या, संगमनेरला विड्या वळणाऱ्या, कांदा निवडणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बाया चाळिशीतच कंबर धरून बसतात. मग त्यांना दोन सल्ले मिळतात. शेजारीण म्हणते, "फरशीवर झोप, पाठ सरळ होईल." दुकानदार म्हणतो, "ऑर्थोपेडिक गादी घ्या, हप्त्यावर देतो." माझ्या मते दोन्ही सल्ले डोळे झाकून ऐकू नयेत.

कडक अंथरूण चांगलं, असं पूर्वी डॉक्टरही सांगत. पण २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम होता. कारण साधं आहे. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा थोडा आत दबला पाहिजे. फरशीवर तो दबत नाही, सगळा भार दोन हाडांवर येतो आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत उलट होतं, कंबरच खड्ड्यात जाते.

'ऑर्थोपेडिक' हे गादीवर छापलेलं नाव आहे, डॉक्टरांची चिठ्ठी नव्हे. नावापेक्षा आपला हात खरं सांगतो. गादीवर उताणं झोपा आणि कंबरेखाली तळहात सरकवा. हात सहज आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक आहे. हात शिरतच नसेल तर ती फार मऊ आहे. जरा घट्ट, पण सरकतोय, तर ठीक. दुकानात दहा-पंधरा मिनिटं कुशीवर, पाठीवर झोपून बघा. पैसे आपले आहेत, लाजायचं कशाला?

पण गादीसाठी कर्ज काढू नका, हे मी ठामपणे सांगते. आठवड्याच्या हप्त्याची काळजी लागली की महागड्या गादीवरही झोप येत नाही. आधी घरात आहे ते नीट करा. कापसाच्या गादीला मधोमध खड्डा पडला असेल तर ती पिंजून पुन्हा भरून घ्या, अधूनमधून कडक ऊन दाखवा. खाटेची नवार सैल झाली असेल तर ओढून घ्या. पलंग खचला असेल तर गादीखाली प्लायवूडची फळी टाका. जमिनीवरच झोपावं लागत असेल तर नुसत्या चटईवर नको, वर सतरंजी आणि दोन-तीन गोधड्यांची घडी घाला. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी ठेवा. उशी नसेल तर लुगड्याची गुंडाळी चालते. उठताना झटक्यात बसू नका. आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधाराने उठा.

गुडघेदुखीला मात्र गादीइतकीच उंची महत्त्वाची. जमिनीवरून उठताना गुडघ्यावर सर्वात जास्त ताण येतो. कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकतील, एवढ्या उंचीची खाट बरी.

आता खरा प्रश्न. घरात खाट एकच असते. तिच्यावर कोण झोपतं? बहुतेक घरांत कर्ता पुरुष किंवा मुलगा. आणि दिवसभर वाकून काम केलेली आई चुलीजवळ चटईवर. समतेच्या गोष्टी विहारात करायच्या आणि घरातलं अंथरूण मात्र मानाप्रमाणे वाटायचं, हे मला पटत नाही. अंथरूण दुखण्याप्रमाणे वाटलं पाहिजे.

दुखणं लपवण्यातही मोठेपणा नाही. दीघनिकायातल्या संगीति सुत्तात खुद्द तथागतांची पाठ दुखते. ते तसं उघडपणे सांगतात, उपदेशाचं काम सारिपुत्तांकडे सोपवतात आणि संघाटीची चौपदरी घडी अंथरून उजव्या कुशीवर विसावतात. मग आपल्या आईने "काही नाही गं, होईल बरं" म्हणत वर्षानुवर्षं का सोसावं?

शेवटी एक इशारा. गादीने आराम मिळतो, आजार बरा होत नाही. रात्री पाठ जास्त दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन घटतंय, असं असेल तर तो मणक्याचा क्षयरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपयेही मिळतात. सांधे सुजत असतील आणि सकाळचा आखडलेपणा अर्धा-एक तास जात नसेल, तर संधिवाताची तपासणी करून घ्या. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

आज रात्री दिवा मालवण्याआधी एवढंच बघा: घरात सर्वात जास्त कोणाचं दुखतंय आणि तिच्या पाठीखाली काय आहे? खाट रिकामी करून द्यायला एक पैसाही लागत नाही.