खटका लावणारा सापडतो, जोडणारा सुटतो

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे नागझिऱ्यात शिरण्याच्या दारांपैकी एक. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि कान्हा, पेंच, ताडोबा यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या वाघांच्या वाटेवरील या जंगलाला कायद्याचे भक्कम कवच मिळाले. मात्र चोरखमाऱ्याच्या फाटकावर वाहनाची नोंद होते, पाणवठ्यावर गस्त घालता येते; वाघाच्या कातडीचा सौदा या फाटकातून जात नाही. तो दूरच्या गावात, फोनवर आणि हवाल्याच्या चिठ्ठीवर ठरतो. म्हणूनच शिकारीचा तपास घटनास्थळापुरता न ठेवता माणसांमधील संबंधांचा नकाशा मांडून करायला हवा. ज्याला सामाजिक जाळ्यांचे विश्लेषण म्हणतात, ते आता वनखात्याच्या रोजच्या कामाचा भाग व्हायला हवे.

टोळीचा म्होरक्या पकडला की टोळी संपते, या समजुतीला आपल्याच अनुभवाने उत्तर दिले आहे. राजस्थानातील सरिस्काच्या जंगलातून वाघ नाहीसे झाल्यानंतर २००५ मध्ये वाघाच्या कातड्यांचा तस्कर संसारचंद याला अटक झाली. शेकडो वाघांची कातडी विकल्याची कबुली त्याने सीबीआयला दिल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. व्यापार मात्र थांबला नाही. आठच वर्षांनी, २०१३ मध्ये, मध्य प्रदेशातील कटनी भागातून आलेल्या टोळ्यांनी मेळघाटात वाघ मारल्याचे उघड झाले. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यात वाघांच्या शिकारीप्रकरणी झालेल्या अटकेनंतर तपासाचे धागे थेट शिलाँगपर्यंत गेले. माणसे बदलली, पण शिकारी आणि गिऱ्हाईक यांना जोडणारी साखळी तशीच राहिली.

जाळ्यांच्या विश्लेषणात प्रत्येक व्यक्ती हा एक बिंदू आणि फोन, पैसा, नातेसंबंध, एकत्र भोगलेला तुरुंगवास किंवा जामीनदारी ही त्यांना जोडणारी रेघ. सर्वाधिक रेघा ज्याच्याकडे जातात तो महत्त्वाचा, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात मोलाचा असतो तो दोन अनोळखी गटांच्या मधला दलाल. त्याचे फोन मोजकेच असतात. पण तो हटला की एका बाजूचा माल दुसऱ्या बाजूला पोचत नाही. शिवाय जाळे स्थिर राहत नाही. मॉन्ट्रियलमध्ये १९९४ ते १९९६ या काळात पोलिसांनी एका अमली पदार्थ टोळीचा माल वारंवार जप्त केला, पण अटका शेवटपर्यंत लांबवल्या. तेवढ्या अवधीत टोळीने आपली रचनाच बदलली आणि सुरुवातीच्या मुख्य माणसाची पकड सैल होत गेली. नेदरलँड्समधील गांजा उत्पादकांच्या जाळ्यावरचा २०१४ चा अभ्यास आणखी सावध करतो: माणसे हटवल्यावर जाळे नव्या जोडण्या करून सावरते, कधी अधिक कार्यक्षमही होते. म्हणून नकाशा एकदा काढून फाइलला लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक कारवाईनंतर तो पुन्हा मांडावा लागतो, आणि ज्याची जागा सहज भरता येत नाही अशा माणसावर नेम धरावा लागतो.

पूर्व विदर्भात अनेक वाघ रानडुकरांसाठी सोडलेल्या वीजतारांना लागून मरतात. तिथे कसले आले जाळे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे, पण नकाशाचा उपयोग तिथेही आहे. मृत वाघाची नखे, दात कोणाकडे गेले हे तपासले, की शेतकऱ्याच्या हातून घडलेला अपघात आणि त्याचा फायदा उठवणारा व्यापारी वेगळे करता येतात. व्यापारी सापडलाच नाही, तर उपाय कुंपणाचा आणि पीक-नुकसानीच्या वेळेवर भरपाईचा. टोळीविरोधी मोहिमेचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मावरून गुन्हेगार ठरवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिकार झाली की संशयाची पहिली नजर आजही पारधी, बहेलिया वस्त्यांकडेच वळते. अशा संशयातून गोळा केलेली माहिती संगणकात भरली, तर जुनाच पूर्वग्रह रंगीत रेघांनी मांडला जाईल. वस्तीत सगळ्यांचे सगळ्यांशी संबंध असतातच. त्यामुळे जात नव्हे, तर व्यवहार हीच नोंदीची अट असली पाहिजे: कोणता फोन, कोणती रक्कम, कोणता माल. नीट वापरली तर हीच पद्धत पोटासाठी खटका लावणाऱ्यापेक्षा नफा खाणाऱ्या मधल्या माणसाकडे बोट दाखवते.

नकाशा हा पुरावा नव्हे, हेही स्पष्ट हवे. तो कुठे शोधायचे ते सांगतो. न्यायालयात उभे राहावे लागते ते जप्त केलेल्या मालावर आणि प्रमाणपत्रासह सादर केलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींवर. मेळघाटच्या सायबर सेलने फोनच्या नोंदींवरून शिकारी शोधण्याची वाट दाखवली आहे. ती वाट एका प्रकल्पापुरती राहू नये. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि सीमेपलीकडील बालाघाटचे वनअधिकारी व पोलीस यांच्या नोंदी एकाच नकाशावर याव्यात, आणि तो पाहण्याचा अधिकार मोजक्यांनाच, लेखी कारणासह असावा. यशाचे मोजमापही बदलावे: किती आरोपी पकडले यापेक्षा कोणती साखळी किती काळ तुटलेली राहिली, हा प्रश्न आढावा बैठकीत आधी विचारला जावा.