कुलूप आपलं, किल्ली कुणाच्या हातात?

पूर्वी घरातली कर्ती बाई कोण, ते कमरेला खोचलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून कळायचं. कोठीची किल्ली, कपाटाची किल्ली, दागिन्यांच्या पेटीची किल्ली. आता कोठी गेली, पेटी बँकेच्या लॉकरमध्ये गेली, आणि कागदपत्रांचं कपाट चक्क मोबाइलमध्ये आलं. आधार, पॅन, बँकेच्या खात्याचा उतारा, विम्याची पॉलिसी, सगळं तिथेच. या कपाटालाही कुलूप आहे बरं का! त्याला पासवर्ड म्हणतात. पण मैत्रिणींनो, त्याची किल्ली आपल्यापैकी किती जणींकडे आहे?

बचत गटाच्या कामामुळे माझं बायकांमध्ये रोजचं उठणं-बसणं. पूर्वी त्या विचारायच्या, "ताई, फॉर्म कुठे मिळतो?" आता विचारतात, "ताई, फाइल आलीय, पण उघडेना!" २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, २०२५ मध्ये तिची ई-केवायसी आली, आणि आधारचा कागद फोनमध्ये हवाच, असं होऊन गेलं. फाइल उतरवून घेतली की फोन विचारतो पासवर्ड. मग काय? फोन भाच्याच्या हातात, नाहीतर नेट कॅफेवाल्याच्या. तो दोन मिनिटांत उघडून देतो आणि वर म्हणतो, "काकू, तुम्हाला नाही जमायचं हे." काकूही हसून मान डोलावतात. मला राग येतो तो या मान डोलावण्याचा.

कारण गंमत अशी, की ती किल्ली म्हणजे बहुतेक वेळा आपलं स्वतःचं नाव आणि आपलं जन्मसाल असतं! दुसरं-तिसरं काही नाही.

ई-आधारचंच बघा. आधारवर आपलं नाव इंग्रजीत जसं छापलंय, त्याची पहिली चार अक्षरं, सगळी मोठ्या लिपीतली, म्हणजे कॅपिटल. आणि त्याला जोडून जन्माचं साल, चार आकडी. समजा नाव सविता आणि जन्म १९७२ चा, तर एस, ए, व्ही, आय आणि पुढे १९७२. मध्ये जागा सोडायची नाही. नाव तीनच अक्षरांचं असेल, समजा उमा जोशी, तर चौथं अक्षर आडनावाचं घ्यायचं. यू, एम, ए आणि जोशींचा जे. संपला पासवर्ड!

मग अडतं कुठे? अडतं ते आपल्या बायकांच्या नावातच. आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून माहेरची मंगल सासरी माधुरी होते. गावात सगळे माधुरी म्हणतात, रेशनकार्डावर माधुरी, पण आधार काढताना शाळेचा दाखला लावलेला, म्हणून तिथे मंगलच. काही ठिकाणी आडनाव आधी छापलेलं, मग पहिली चार अक्षरं आडनावाची होतात. जन्मसालाचंही तसंच. आमच्या गटातल्या कितीतरी मोठ्या बायकांची जन्मतारीख कागदावर एक जानेवारी आहे, कारण खरी कुणी लिहूनच ठेवली नव्हती. तेव्हा आपल्याला काय माहीत आहे ते टाकून उपयोग नाही. आधारचं कार्ड समोर ठेवायचं, त्यावर जे छापलंय तेच टाकायचं. नाव चुकीचं असेल तर ते आधार केंद्रात दुरुस्त करून घ्यायचं. फक्त नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून दुरुस्तीच्या वेळी दाखले नीट बघून जायचं.

ई-पॅनच्या फाइलची किल्ली म्हणजे जन्मतारीख. दोन आकडे दिवसाचे, दोन महिन्याचे, चार सालाचे, सलग. बँकांची पद्धत मात्र वेगवेगळी. कुणी नावाची अक्षरं आणि जन्मतारीख मागतं, कुणी ग्राहक क्रमांक. पण ज्या ईमेलमधून उतारा येतो, त्याच ईमेलमध्ये बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात पासवर्ड कसा तयार करायचा ते लिहिलेलं असतं. आपण थेट फाइलवर बोट ठेवतो आणि पत्र वाचायचं राहून जातं.

आता दुसरी अडचण, फोनच्या कीबोर्डची. आपला फोन फार हुशार, पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो आणि पुढची बारीक. पासवर्डला तर चारही मोठी हवीत. मराठीत मेसेज लिहायची सवय असेल तर कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असतो, आणि मग आकडेही मराठी उमटू शकतात. ते फाइलला कळत नाहीत, तिला इंग्रजी आकडेच लागतात. त्यात पासवर्ड टाकताना नुसते ठिपके दिसतात, चूक काय झाली ते कळतच नाही. शेजारी डोळ्याचं चित्र असेल तर त्यावर बोट ठेवा, अक्षरं दिसतील. ते नसेल तर पासवर्ड आधी दुसरीकडे टाइप करून नजरेखालून घाला. शून्याच्या जागी ओ पडलाय का, शेवटी चुकून मोकळी जागा सुटलीय का, तेही बघा.

आणि एक भीती मनातून काढून टाका. "ताई, तीनदा चुकलं तर बंद पडेल ना?" असं मला नेहमी विचारतात. ते एटीएम कार्डाचं. पीडीएफ फाइल दहा वेळा चुकली तरी रुसून बसत नाही. अकराव्यांदा बरोबर पासवर्ड टाकला की उघडते.

पासवर्ड बरोबर आहे आणि तरी उघडत नाही, असंही होतं. तेव्हा दोष किल्लीत नसून कपाटात असतो. फाइल पूर्ण उतरलेली नसते, रेंज गेली, फोन भरलेला. फोनमधले दोन-चार जुने व्हिडिओ पुसून फाइल पुन्हा उतरवावी. कधी व्हॉट्सअॅपमध्ये नाहीतर ईमेलमध्ये तिथल्या तिथे उघडायला गेलं तर पान कोरं दिसतं. अशा वेळी फाइल फोनमध्ये साठवून अॅडोबीच्या अॅक्रोबॅट रीडरसारख्या अॅपमधून उघडावी. ते अॅप फुकट मिळतं, फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यावं. झिप नावाची फाइल आली तर समजावं, हे गाठोडं आहे, आत चार कागद बांधलेत. फोनच्या साध्या अॅपमध्ये आतल्या कागदांची नावं दिसतात, पण पासवर्डची गाठ अनेकदा सुटत नाही. त्यासाठी आरएआर नावाचं अॅप आहे. नाहीतर ज्यांनी पाठवलं त्यांनाच सांगावं, "भाऊ, साधी पीडीएफ पाठवा." सांगायला लाजायचं काय?

इथवर वाचून कुणी म्हणेल, "एवढा व्याप कशाला? मुलगा आहे की घरात, तो देतो करून." खरंय. मुलांनी मदत करावीच, आणि एकमेकांवाचून घर चालत नाही. पण मदत वेगळी आणि मिंधेपण वेगळं. एका मैत्रिणीच्या खात्याचा उतारा दर महिन्याला तिच्याच नावाने, तिच्याच फोनवर येतो. पैसे तिच्या पापड-मसाल्याच्या कमाईचे. पण उघडायचे घरातल्या पुरुषांनी, आणि तिला सांगायचं, "आहेत ठीक." वर्षानुवर्षं तिने आपल्याच पैशांचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. ज्या दिवशी तिने स्वतः नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख टाकून उतारा उघडला, त्या दिवशी ती बराच वेळ नुसती बघत बसली. म्हणाली, "एवढंच होतं होय?" एवढंच होतं. पण ते एवढंसं तिच्या हातात नव्हतं.

आता नाण्याची दुसरी बाजू. जी किल्ली इतकी सोपी, ती दुसऱ्यालाही सोपीच. तुमचं नाव आणि जन्मसाल अख्ख्या आळीला माहीत असतं. वाढदिवसाचे फोटो आपणच स्टेटसला ठेवतो! म्हणजे ई-आधारला कुलूप आहे म्हणून ते कुठल्याही ग्रुपवर टाकावं, असं नाही. देताना शक्य तिथे मास्क्ड आधार द्यावं. आधारच्या संकेतस्थळावर फाइल उतरवताना तसा पर्याय निवडता येतो. त्यात नंबराचे पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. पासवर्ड तोच.

छापून हवं असेल तर नेट कॅफेवाल्याला पासवर्ड सांगत बसू नये. आपल्या फोनमध्ये फाइल उघडावी, प्रिंटमध्ये जाऊन "पीडीएफ म्हणून साठवा" हे निवडावं. बहुतेक फोनमध्ये अशी बिनकुलपाची नवी प्रत तयार होते. ती छापायला द्यावी आणि काम झालं की त्याच्या संगणकावरून समोर उभं राहून पुसून घ्यावी. "कुलूप काढून देतो" म्हणणारी संकेतस्थळंही खूप आहेत, तिथे आपला आधार किंवा उतारा चढवणं म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला कपाट उघडून दाखवणं. आणि खरी किल्ली म्हणजे ओटीपी, तो तर कुणालाही सांगायचा नाही. पण आधारला फोन नंबर नवऱ्याचा किंवा दिराचा जोडलेला असेल तर ओटीपी तिकडेच जाणार! आपल्या आधारला आपलाच नंबर जोडून घ्या, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

हल्ली चोरांनाही आपली ही अडचण कळली आहे. लग्नपत्रिका, गाडीचा दंड, योजनेची यादी असं काहीतरी नाव देऊन व्हॉट्सअॅपवर फाइल येते. उघडायला गेलं की फोन विचारतो, "हे अॅप इन्स्टॉल करायचं का?" नावाच्या शेवटी एपीके असतं. मैत्रिणींनो, कागद कधी इन्स्टॉल करावा लागत नाही! तिथेच थांबायचं आणि पुसून टाकायचं. चुकून पैसे गेलेच तर लाजत, लपवत बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. गटातल्या एका बहिणीचे यजमान अचानक गेले. सगळा व्यवहार त्यांच्या फोनवर. विम्याचे कागद, बँकेचे उतारे, सगळं कुलूपबंद. तेराव्याच्या आत दोन नातेवाईक "आम्ही उघडून बघतो" म्हणत फोन मागायला आले. तिने फोन दिला नाही. तिला एक गोष्ट कुणीतरी नीट सांगितली होती, की पैसे मिळवायला ती फाइल उघडावीच लागते असं नाही. मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रं घेऊन तिने बँकेची आणि विम्याची कचेरी गाठली, नॉमिनी म्हणून अर्ज दिला. वेळ लागला, पण काम झालं. फक्त कुठे कुठे काय आहे, हे शोधण्यात मात्र तिचे फार हाल झाले. म्हणून नवरा-बायकोने एक वही करावी. कुठलं खातं, कुठली पॉलिसी, नॉमिनी कोण, कागद कुठल्या ईमेलवर येतात. वही दोघांना माहीत हवी. ओटीपी, एटीएमचा पिन त्यात लिहू नये, पण कागदाचा पत्ता जरूर लिहावा. यात अशुभ काही नाही.

थोडं बोलायचंय ते या संस्थांशीही. बँकांनो, विमा कंपन्यांनो, जाहिरात तुम्ही सुंदर मराठीत करता. मग पासवर्ड कसा टाकायचा, ही एक ओळ मराठीत, ठळक अक्षरात लिहायला काय हरकत आहे? ज्या बाईचं खातं तुम्हाला हवं असतं, तिला तिचा उतारा वाचता यावा, ही जबाबदारी तुमचीही आहे. तिच्या हातात फोन आला म्हणजे सगळं पोचलं, असं धरून चालू नका.

आणि ज्यांना हे पासवर्डचं झंझटच नको, त्यांच्यासाठी डिजिलॉकर आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे अॅप. आपला नंबर आधारला जोडलेला असला की आधार, पॅन, वाहन परवाना असे कागद तिथे थेट दिसतात, आणि तिथे सरकारकडून आलेला कागद मूळ कागदाइतकाच कायदेशीर धरला जातो. त्याचा पिन तेवढा आपला आपण लक्षात ठेवायचा.

आमच्या गटाने आता एक नेम केलाय. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास फोन काढायचे. प्रत्येकीने आपली एक फाइल स्वतः उघडायची. शेजारणीने सांगायचं, पण फोनला हात लावायचा नाही. पहिल्या बैठकीत गोंधळ झाला, हसून हसून पुरेवाट झाली. तिसऱ्या बैठकीत साठीच्या एका आजींनी आपलं आधार उघडलं, चष्मा पुसला आणि सुनेला फोन लावून म्हणाल्या, "अगं, मला जमलं! आता तुझं शिकवते."

तुमच्या गटात, भिशीत, हळदीकुंकवाला असा अर्धा तास काढून बघाल का?