गुहेची वही आणि सिमेंटचा भाव

पेण-रोह्याकडच्या वाचकाला गुहा म्हटले की तळा तालुक्यातील कुड्याची लेणी आठवावीत, हे स्वाभाविक आहे. सातवाहनकाळात काळ्या पाषाणात खोदलेल्या या लेण्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्या माळ्याची, लोखंडाच्या व्यापाऱ्याची, वैद्याची नोंद आहे. कोकणच्या कठीण खडकात गुहा हवी तर छिन्नीच चालवावी लागते. चुनखडीच्या प्रदेशात मात्र हे काम पाऊस करतो. मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल झालेले पाणी लक्षावधी वर्षे खडक विरघळवीत राहते आणि लांबच लांब भुयारे तयार होतात.

मेघालयातील गुहा याच रीतीने घडल्या. गारो टेकड्यांतील सिजू गुहेची प्राणिशास्त्रीय पाहणी केम्प आणि चोप्रा या शास्त्रज्ञांनी १९२२ मध्येच केली होती. अशा गुहांच्या अंधारात वनस्पती वाढत नाहीत. तेथील संसार बव्हंशी वटवाघळांच्या मिळकतीवर चालतो. रात्री बाहेर किडे टिपून ती परततात. त्यांच्या विष्ठेवर रातकिडे, झुरळे, अळ्या जगतात आणि त्यांच्यावर कोळी. वटवाघळे गेली की साऱ्या गुहेचे दिवाळे वाजते.

चेरापुंजीजवळच्या मॉमलूह गुहेत ठिबकत्या पाण्यातील चुना थरावर थर साचून स्तंभ वाढले आणि त्या थरांत जुन्या पावसाचे मान नोंदले गेले. अशाच एका स्तंभावरून सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याचे दिसले. तेव्हापासूनच्या भूशास्त्रीय कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. भातावर पोट असलेल्या मुलुखाला याहून जवळची वही कोणती?

परंतु चुनखडी हाच सिमेंटचा मुख्य कच्चा माल. ती चंद्रपुरात खणली जाते, तशी मेघालयातही. पेणला घर बांधणारा गोणीमागे जो भाव मोजतो, त्यात मजुरी, कोळसा, वाहतूक, स्वामित्वधन धरलेले असते. ढासळलेली गुहा धरलेली नसते. बाजाराला ज्याचा भाव ठाऊक नाही, ते फुकट समजले जाते.

घरे बांधू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. पण खाणीचा परवाना देण्यापूर्वी डोंगराच्या पोटात काय आहे, याची पाहणी खाणवाल्याच्या खर्चाने, परंतु स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावी आणि गुहांभोवतीचा पट्टा खाणीतून वगळावा. कुड्याचे शिलालेख आज कायद्याने सुरक्षित आहेत. पावसाने लिहिलेले लेख टनाच्या हिशेबाने विकले जाऊ नयेत, एवढे तरी शासनाने पाहावे.