औषध सर्वांसाठी, चाचणी मोजक्यांवर

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१५ मध्ये 'निन्लारो' या औषधाला परवानगी दिली. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील पेशींच्या कर्करोगावर ते दिले जाते. हा रोग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट प्रमाणात होतो. तेथील मायलोमाच्या दर पाच रुग्णांपैकी साधारण एक कृष्णवर्णीय असतो. मात्र, ज्या चाचणीच्या आधारे ही परवानगी मिळाली, तिच्यातील ७२२ रुग्णांत कृष्णवर्णीय होते अवघे १३. चाचणी अनेक देशांत झाली होती, हे खरे; पण त्यामुळे प्रश्न सुटत नाही. ज्यांना औषधाची गरज अधिक, त्यांच्यावर त्याचा परिणाम कसा होतो, याचा पुरावा जवळपास नसतानाच ते बाजारात आले.

स्त्रिया आणि अल्पसंख्याक समूहांना संशोधनात सामावून घ्यावे, असा कायदा अमेरिकेने १९९३ मध्येच केला. परंतु तो 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ'च्या पैशावर होणाऱ्या संशोधनापुरता होता. नव्या औषधांच्या बहुतेक चाचण्या कंपन्या स्वखर्चाने करतात. त्या या बंधनाबाहेरच राहिल्या.

या विषयावर बोलताना टस्कीगीचा उल्लेख हमखास होतो. अलाबामातील या गावात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवले आणि रोग कसा वाढतो, याची नोंद केली. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना देण्यात आले नाही. या अमानुष प्रकाराबद्दल १९९७ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी माफी मागितली. त्यातून आलेला अविश्वास खोटा नाही. पण 'कृष्णवर्णीय रुग्णच तयार होत नाहीत', हे रुग्णालयांना सोयीचे असलेले स्पष्टीकरण आकडेवारीवर टिकत नाही. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणारा जोसेफ उंगर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या चाचणीत सहभागी होता का, असे विचारल्यावर गोऱ्या रुग्णांपैकी सुमारे ५५ टक्के, तर कृष्णवर्णीयांपैकी ५८ टक्के तयार झाले, असे त्यात आढळले.

मग अडते कोठे? याच संशोधकांच्या आधीच्या विश्लेषणानुसार निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत ते उपचार घेत असलेल्या रुग्णालयात त्यांच्या आजारावरील चाचणीच सुरू नसते. चाचणी असलीच, तर निकष आडवे येतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना अनेकदा वगळले जाते आणि हे विकार कृष्णवर्णीयांत अधिक आहेत. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या किमान संख्येची अट तर अधिकच बोलकी आहे. आफ्रिकी वंशाच्या अनेक निरोगी व्यक्तींमध्ये या पेशी जन्मतःच कमी आढळतात. तो आजार नव्हे; तरीही गोऱ्यांच्या सरासरीवर बेतलेली मर्यादा त्यांना बाहेर ठेवते.

त्यात खर्चाची भर. गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेतून चाचणीकाळातील तपासण्या व नेहमीच्या उपचारांचा खर्च देणे सर्व राज्यांना बंधनकारक झाले, ते जानेवारी २०२२ पासून. प्रवास आणि बुडालेला रोजगार यांचा भार बहुधा रुग्णावरच पडतो.

इलाज अशक्य मात्र नाही. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अब्रामसन कर्करोग केंद्राने वस्त्यांमध्ये जाऊन माहिती दिली, रुग्णांना ने-आण करण्यासाठी वाहनांची सोय केली. तेथील उपचारविषयक चाचण्यांतील कृष्णवर्णीयांचा वाटा २०१४ मधील १२.२ टक्क्यांवरून २०१८ मध्ये २३.९ टक्क्यांवर गेला. यात कोणतेही नवे तंत्रज्ञान नव्हते, हे विशेष.

कंपन्यांना वेसण घालणारा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये संमत झाला. औषधाच्या निर्णायक चाचणीपूर्वी कोणत्या समूहातील किती रुग्ण घेणार, याचा आराखडा 'एफडीए'ला देणे त्यानुसार आवश्यक ठरते. त्यासंबंधीची मसुदा मार्गदर्शिका जून २०२४ मध्ये निघाली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने विविधताविषयक कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढताच ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर फेब्रुवारीत परतली. संकेतस्थळावरील पान काढल्याने संसदेचा कायदा रद्द होत नाही. पण त्या कायद्यातच एक पळवाट आहे. अंतिम मार्गदर्शिका प्रसिद्ध झाल्यानंतर १८० दिवसांनी ज्या चाचण्यांत रुग्णनोंदणी सुरू होईल, त्यांनाच हे बंधन लागू होते. म्हणजे मार्गदर्शिका जितकी रखडेल, तितक्या चाचण्या जुन्याच पद्धतीने सुरू होत राहतील.